पोलादी नळीतून पाताळात : जसवंतसिंग गिल आणि राणीगंजचे पासष्ट जण

कोळशाच्या खाणीचे आणि आपल्या वाचकांपैकी बहुतेकांचे नाते तसे दुरूनचे. वसईच्या पट्टीतला माणूस पाणी जाणतो, विहीर जाणतो, समुद्र जाणतो. पण जमिनीच्या पोटात तीनशे फूट खाली, जिथे दिवस आणि रात्र यांत काही भेद उरत नाही, तिथे आयुष्याची पस्तीस वर्षे पाळीमागून पाळी काढणे म्हणजे काय, याची कल्पना त्याला सहजासहजी येत नाही. विदर्भातील आपल्या बांधवांची गोष्ट निराळी. चंद्रपूर, बल्लारपूर, वणी या बाजूला राहणाऱ्यांच्या शेजारी खाणकामगार असतो, आणि पाळी सुटल्यानंतर काळवंडलेल्या चेहऱ्याने घरी परतणारी माणसे त्यांनी पाहिलेली असतात. तरीही त्या माणसांचा इतिहास मराठीत फारसा लिहिला गेलेला नाही. आपल्याकडे इतिहास म्हटला की गड, स्वाऱ्या आणि तह. फार तर सुधारक आणि सभा. ज्यांनी कोळसा काढला म्हणून आगगाड्या धावल्या आणि गिरण्यांची धुराडी पेटली, त्यांची नोंद अपघाताच्या बातमीत, मृतांच्या आकड्यापुरती.

प्रस्तुत लेख एका खाण-अभियंत्याविषयी आहे. जसवंतसिंग गिल हे त्यांचे नाव. १९८९ सालच्या नोव्हेंबरात पश्चिम बंगालमधील राणीगंज येथे बुडालेल्या खाणीत ते स्वेच्छेने उतरले आणि पासष्ट कामगारांना एकामागून एक वर धाडून सर्वांत शेवटी स्वतः वर आले. या घटनेवर २०२३ साली ‘मिशन राणीगंज’ नावाचा हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा पुष्कळांनी हे नाव प्रथमच ऐकले. चित्रपटाला त्याची गरज म्हणून काही जोडावे लागते, काही गाळावे लागते. त्याला बोल लावण्याचे कारण नाही. पण मूळ हकिगत इतकी भरीव आहे की तिच्यात भर घालण्याची आवश्यकता वाटत नाही.

गिल यांचा जन्म २२ नोव्हेंबर १९३९ रोजी अमृतसर जिल्ह्यातील सठियाला या गावी झाला. अमृतसरच्या खालसा महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर ते धनबादच्या ‘इंडियन स्कूल ऑफ माइन्स’ या संस्थेत दाखल झाले आणि १९६५ मध्ये तेथून खाणशास्त्राचे शिक्षण पुरे करून बाहेर पडले. पंजाबचा मुलगा, गहू-मक्याच्या मोकळ्या शिवारातला. त्याने धनबादच्या काळ्या मातीत जाऊन भूगर्भाची विद्या शिकावी, हे त्या पिढीला साजेसेच होते. स्वतंत्र भारताला पोलाद हवे होते आणि पोलादाला कोळसा. त्या विद्येची किंमतही त्या मुलांना लवकरच कळत असे. गिल शिक्षण संपवून बाहेर पडले त्याच वर्षी, २८ मे १९६५ रोजी, धोरी येथील खाणीत स्फोट होऊन २६८ माणसे दगावली. त्याआधी १९५८ साली चिनाकुरीच्या खाणीत पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली होती. या धंद्यात शिरणारा तरुण आपण कोठे शिरतो आहोत हे पुरते जाणून शिरत होता.

आता थोडे राणीगंजविषयी. भारतात कोळसा काढण्याचा व्यवसाय सुरू झाला तो याच टापूत, दामोदर नदीच्या काठी, १७७४ साली. पुढे रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ ठाकूर यांच्या ‘कार, टागोर अँड कंपनी’ने १८३६ मध्ये राणीगंजची खाण विकत घेतली, आणि १८५५ मध्ये हावड्याहून राणीगंजपर्यंत रेल्वे आली ती मुख्यतः या कोळशासाठीच. म्हणजे १९८९ साली या भूमीची कूस दोनशे वर्षांहून अधिक काळ पोखरली जात होती. एका कंपनीने खणून सोडून द्यावे, दुसरीने शेजारी खणावे, तिसरीने त्याच्या खालचा थर गाठावा, असे चाललेले. १९७३ च्या मे महिन्यात कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा सरकारच्या हाती नुसत्या खाणी आल्या नाहीत. त्यांच्याबरोबर जुन्या मालकांनी टाकून दिलेली, कोठे नकाशावर असलेली तर कोठे नसलेली पोकळ जमीनही आली.

या पोकळीत पाणी साठते. हे कसे घडते ते समजून घेतल्याखेरीज राणीगंजची दुर्घटना कळणार नाही. आपल्याकडे प्रचलित असलेल्या पद्धतीत कोळशाचा थर सरसकट उकरून काढीत नाहीत. उभे-आडवे बोगदे काढीत जायचे आणि मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब राखायचे; त्या खांबांवर छत तोलून धरले जाते. काम संपले की ती जागा सोडून देतात. मग वर्षानुवर्षे पावसाचे पाणी झिरपून ते दालन भरत राहते, एखाद्या तळघरात लपलेल्या तळ्यासारखे. त्याच्या पलीकडे काम करणारा कामगार आणि ते तळे यांच्यामध्ये कोळशाची एक भिंत तेवढी असते. म्हणूनच पाणी साठलेल्या जुन्या कामाच्या साठ मीटरच्या आत जायचे तर विशेष परवानगी घ्यावी लागते आणि पुढे छिद्रे पाडून चाचपणी करीत जावे लागते, असा खाण-कायद्याचा दंडक आहे. दंडक चांगला आहे. पण ती साठ मीटर मोजायची कोठून, हे जुना नकाशा खरा असेल तरच कळते.

पाणी शिरले म्हणजे काय होते याचा भयंकर धडा देशाला २७ डिसेंबर १९७५ रोजी मिळाला होता. धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसले आणि पावणेचारशेच्या आसपास माणसे आत अडकली. परदेशांतून पंप मागवले, आठवडेच्या आठवडे उपसा चालला. जिवंत कोणीही सापडले नाही. नाताळ होऊन दोन दिवस झाले होते. ज्या कुणी ते दिवस वृत्तपत्रांतून वाचले आहेत त्यांना ती रोजची आशा आणि रोजची निराशा आठवत असेल. कोळसा खाणीच्या क्षेत्रात त्यानंतर ‘पाणी’ हा शब्दच निराळ्या स्वरात उच्चारला जाऊ लागला. गिल आणि त्यांच्या बरोबरीचे अधिकारी या पिढीचे.

१३ नोव्हेंबर १९८९. कार्तिकी पौर्णिमा, गुरू नानकांची जयंती. शीख कुटुंबांच्या दृष्टीने वर्षातला मोठा दिवस. ‘ईस्टर्न कोलफील्ड्स’ या सरकारी कंपनीच्या राणीगंज येथील महाबीर खाणीत रात्रपाळीचे दोनशेहून अधिक कामगार खाली होते. कोळसा फोडण्यासाठी सुरुंग लावण्याचे नेहमीचे काम चालले होते. त्यात भिंतीला भगदाड पडले आणि पलीकडचे पाणी लोंढ्याने आत आले. खाणीच्या उभ्या विहिरीला त्या भागात ‘चानक’ म्हणतात. चानकाच्या जवळ असलेले कामगार पाळण्यात बसून वर येऊ शकले. पाणी चढत गेले आणि वाट बंद झाली. एकाहत्तर जण आत राहिले. त्यांपैकी सहा जण बुडून मेले. पासष्ट जण चढावाच्या अंगाला, जिथे पाणी अद्याप पोहोचले नव्हते अशा भागात जाऊन थांबले.

कोळशाचा थर सपाट नसतो, तो एका बाजूला कललेला असतो. पाणी उताराकडचे बोगदे आधी भरते. जाणता कामगार म्हणूनच चढावाकडे पळतो. त्या रात्री ज्यांनी चढावाकडची वाट धरली ती नुसत्या घाबऱ्या धावपळीतून धरली असे मला वाटत नाही. वर्षानुवर्षे पायांखालची जमीन ओळखीची झालेली असते. पुढे गिल यांनी जे केले ते थोरच, पण त्याच्या आधी या पासष्ट जणांनी स्वतःला तीन दिवस जिवंत ठेवले, हेही नोंदवले पाहिजे. त्यांच्यापैकी कोणी काय म्हटले, कोणी कोणाला धीर दिला, हे आपल्यापर्यंत फारसे आलेले नाही. मलकट्टा म्हणजे कोळसा तोडणारा कामगार. तो आठवणी लिहीत नाही.

वर जमिनीवर प्रश्न होता तो असा की यांना काढायचे कसे. पाणी उपसून काढण्याचा मार्ग सर्वांना माहीत होता आणि चासनालाने तो किती वेळकाढू असतो हेही शिकवले होते. पंप चालूच होते, परंतु पाण्याचा साठा मोठा आणि हवा मर्यादित. पासष्ट माणसे श्वास घेत होती. आपल्याकडे विहिरीचा गाळ काढायला उतरणारा गडी आधी पेटता कंदील दोराने खाली सोडून पाहतो. कंदील विझला तर तो उतरत नाही. बंद जागेतल्या हवेचे भय हेच. नाकातोंडाला चव नाही, वास नाही आणि माणूस हळूहळू गुंगीत जातो.

गिल त्या वेळी कंपनीत अतिरिक्त मुख्य खाण-अभियंता होते. जिथे माणसे थांबली असतील असा अंदाज होता तिथे वरून भोक पाडण्यात आले. या भोकातून माणसे जिवंत असल्याचे कळले, आणि त्यातूनच खायला व प्यायला पोहोचवता आले. आता गिल यांची कल्पना अशी होती की दुसरे मोठे भोक पाडावे, माणूस मावेल एवढे, आणि त्यातून एक पोलादी पिंजरा दोराने खाली सोडून एकेकाला वर खेचून घ्यावे. पिंजरा तयार मिळणार नव्हता. तो तिथल्याच एका कारखान्यात तातडीने बनवून घेण्यात आला : उंची सुमारे अडीच मीटर, व्यास सुमारे बावीस इंच. म्हणजे साधारण छप्पन्न सेंटिमीटर. वाचकांनी घरातल्या मोजपट्टीने हे अंतर जमिनीवर आखून पाहावे आणि त्यात उभे राहून पाहावे. खांद्यांना जागा उरत नाही. हात वर उचलायचा तर आधीच वर ठेवून आत शिरावे लागते.

ही कल्पना जगात अगदीच नवी नव्हती. जर्मनीतील गेल्सेनकिर्खेन शहराच्या डाहलबुश खाणीत १९५५ च्या मे महिन्यात तीन कामगार अडकले होते, तेव्हा एबरहार्ड आउ नावाच्या अभियंत्याने पत्र्याची एक लांबट नळी बनवली. तिचा व्यास ३८.५ सेंटिमीटर, आपल्या राणीगंजच्या पिंजऱ्याहूनही पुष्कळ अरुंद. तिघेही सुखरूप निघाले. आउ यांनी त्या शोधाचे पेटंट घेतले नाही. पुढे १९६३ साली लेंगेडे येथील लोखंडाच्या खाणीत तळ्याचा बांध फुटून पाणी शिरले, २९ जण मेले. परंतु चौदा दिवसांनंतर, ७ नोव्हेंबरला, याच नळीतून अकरा जणांना वर काढता आले. जर्मन खाणकामगार संत बार्बराला आपली पालक मानतात आणि ४ डिसेंबरला तिचा सण पाळतात; आपल्या बंगाल-झारखंडच्या खाणींच्या तोंडाशी कालीचे देऊळ असते. खाली जाण्याआधी दोघेही हात जोडतात. भीती एकाच जातीची आहे.

परंतु जर्मनीत नळी, यंत्रे, भोके पाडण्याची सामग्री हे सारे हाताशी होते. राणीगंजला मोठ्या व्यासाचे भोक पाडण्याची सोयही जुळवावी लागली. तीन दिवस आणि तीन रात्री काम चालले. खाणीच्या परिसरात हजारोंचा जमाव उभा होता; त्यांत आत अडकलेल्यांची बायकामुले होती, राग होता, अफवा होत्या. अशा जमावासमोर पाचपन्नास अधिकाऱ्यांनी पाचपन्नास मते देणे आणि तरी काम पुढे नेणे यासाठी कसला स्वभाव लागत असेल याचा विचार मी पुष्कळदा करतो. शौर्य म्हणजे उडी, असे आपण मानतो. या प्रकरणात उडीच्या आधीचे तीन दिवस मला अधिक कठीण वाटतात.

१६ नोव्हेंबरच्या पहाटेपूर्वी भोक आणि पिंजरा दोन्ही तयार झाले. आता पहिला प्रश्न : रिकामा पिंजरा खाली सोडायचा की त्यात कोणी बसायचे? रिकामा सोडला तर खाली काय होईल हे सांगता येत नव्हते. तीन दिवसांचे उपाशी, भेदरलेले पासष्ट लोक, अंधार, आणि सुटकेचे एकच दार, तेही एका माणसापुरते. झुंबड उडाली तर पिंजरा अडकेल, कोणी अर्धवट बसला तर वर येताना भोकाच्या कडेला चिरडेल. खाली कोणीतरी हवा होता, जो माणसांना ओळीत उभे करील, आजाऱ्याला आधी बसवील, दार नीट लागले आहे की नाही हे पाहील आणि मगच वर खुणा देईल. या कामासाठी जे बचावकर्मी ठरवले होते ते ऐन वेळी पुढे आले नाहीत, असे सांगितले जाते. त्यांना नावे ठेवण्याचा मोह होतो. मी तो टाळीन. ते भोक तोवर कोणाही माणसाने तपासलेले नव्हते. त्याच्या भिंती ढासळल्या असत्या तर आत असलेल्याला ना वर येता आले असते ना खाली जाता. शिवाय बचाव-केंद्रांतील शिक्षण मुख्यतः आग आणि विषारी वायू यांच्याशी झुंजण्याचे. अशा नळीत बसण्याचा सराव तेव्हा या देशात कोणालाच नव्हता.

गिल म्हणाले की मी जातो. वरिष्ठांना ते सहज पटण्याजोगे नव्हते. साऱ्या कामाची सूत्रे ज्याच्या हाती तोच भोकात अडकला तर वर निर्णय कोणी घ्यायचा? ही शंका रास्त होती, आणि केवळ भित्रेपणातून आलेली नव्हती. सेनापतीने पहिल्या फळीत जाऊ नये, हा युद्धशास्त्रातला जुना नियम आहे. गिल यांची बाजू अशी होती, असे घटनाक्रमावरून दिसते : पिंजऱ्याची कल्पना त्यांची, त्याचे माप त्यांनी दिलेले, त्यातील खोट कळली तर ती त्यांनाच आधी कळणार, आणि खालच्या लोकांना धीर देईल असा चेहरा त्यांच्याहून अधिक कोणाचा असणार? पन्नाशी पूर्ण व्हायला त्यांना सहा दिवस कमी होते. अखेर परवानगी मिळाली.

पागोटे घातलेला, धिप्पाड बांध्याचा तो शीख अधिकारी छप्पन्न सेंटिमीटरच्या नळीत उभा राहिला आणि दोर सैल सोडण्यात आला.

सुमारे तीनशे फूट. दोराला टांगलेली वस्तू गिरक्या घेते. भोकाच्या भिंतींतून पाणी ठिबकते. वरचा उजेड रुपयाएवढा होतो आणि मग तोही जातो. खाली पोहोचल्यावर दार उघडून ते बाहेर आले तेव्हा समोर पासष्ट माणसे होती. एकेकाला आत बसवून वर पाठवण्याचे काम सुरू झाले आणि ते सुमारे सहा तास चालले. हिशेब केला तर सरासरी साडेपाच मिनिटांत एक फेरी पडते : बसवणे, वर खेचणे, उतरवणे, पुन्हा खाली सोडणे. त्यात कोठे अडखळणे नाही, चूक नाही. वर एकेक डोके दिसू लागले तसा जमावाचा सूर पालटत गेला असेल याची कल्पना आपण करू शकतो. खाली मात्र दर फेरीगणिक माणसे एकाने कमी होत होती आणि पाणी तिथेच होते. चौसष्ट गेले, पासष्टावा गेला. मग त्या बोगद्यात, त्या काळोखात, पिंजरा परत येईपर्यंतची काही मिनिटे गिल एकटेच होते.

मग पिंजरा आला आणि ते वर आले.

‘देव तारी त्याला कोण मारी’ अशी म्हण आपल्या तोंडी असते, आणि एका धर्मगुरूने तिच्यावर आक्षेप घ्यावा हे विचित्र दिसेल. पण अशा प्रसंगी ती जरा घाईने वापरली जाते. जे सहा जण बुडाले त्यांना देवाने तारायचे नव्हते काय? राणीगंजला तारण्याच्या कामी पोलादाचा पत्रा लागला, तो वाकवणारे लोहार लागले, भोक पाडणारे मजूर लागले, दोर सोडणारे हात लागले. त्या सहांच्या बाबतीत यांपैकी काहीही वेळेवर पोहोचू शकले नाही. जी भिंत फुटली ती फुटू नये म्हणून जे करायचे ते आधी करायचे होते. बचावाचा जयजयकार करताना हा आधीचा प्रश्न झाकला जातो, हा सर्वच देशांतला अनुभव आहे, आणि राणीगंजही त्याला अपवाद नाही. त्यानंतरही २ फेब्रुवारी २००१ रोजी झरियाच्या बागडिगी खाणीत शेजारच्या जुन्या कामातले पाणी शिरले व २९ जण गेले.

बुडालेल्या खाणीतून माणसे काढण्याचा इतिहास जुना आहे, आणि त्यातली एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. वेल्समधील ऱ्होंडा खोऱ्यात, टायनेविड येथील खाणीत ११ एप्रिल १८७७ रोजी असेच जुन्या कामातले पाणी घुसले. चढावाकडच्या कोंडलेल्या हवेत काही माणसे जिवंत होती. भिंतीवर ठोकल्याचा आवाज पलीकडून ऐकू येत होता. पण पाण्याने हवा इतकी दाबली गेली होती की एका ठिकाणी भिंतीला भोक पडताच आतला कामगार त्या हवेच्या झोताने भोकात फेकला गेला आणि सुटकेच्या क्षणी मेला. शेवटचे पाच जण, त्यांत एक लहान मुलगा, दहाव्या दिवशी जिवंत बाहेर आले. भिंत फोडणारे सारे स्वेच्छेने आलेले, बहुतेक साधे खाणकामगार. ब्रिटनमध्ये तोवर ‘आल्बर्ट पदक’ समुद्रावरील बचावासाठीच दिले जाई. या खाणकामगारांसाठी व्हिक्टोरिया राणीने ते जमिनीवरील बचावालाही लागू केले. पदक मिळालेल्यांपैकी डॅनियल टॉमस नावाचे गृहस्थ पुढे १८८४ मध्ये, शेजारच्या पेनीग्रेग येथील खाणीत स्फोट झाल्यावर, पुन्हा इतरांना काढायला उतरले आणि परत आले नाहीत.

गिल यांच्या नशिबी दीर्घायुष्य होते. १९९१ साली राष्ट्रपती रामस्वामी वेंकटरमण यांच्या हस्ते त्यांना ‘सर्वोत्तम जीवन रक्षा पदक’ देण्यात आले. युद्धभूमीबाहेर दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी दिला जाणारा हा आपल्या देशातला या मालिकेतील सर्वोच्च सन्मान. त्यानंतर ते आपल्या कामावर परत गेले. हे वाक्य साधे दिसते, पण मला ते महत्त्वाचे वाटते. एका सकाळच्या पराक्रमावर उरलेले आयुष्य व्याख्याने देत काढता येते. त्यांनी नोकरीची उरलेली वर्षे खाणींतच काढली आणि १९९८ मध्ये ते निवृत्त झाले. मग अमृतसरला परतले. कोळसा खाणीच्या क्षेत्रात १६ नोव्हेंबर हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ ‘बचाव दिन’ म्हणून पाळला जातो. बाहेरच्या जगाला मात्र त्याची वार्ता नव्हती. २०१० च्या ऑक्टोबरात चिली देशातील सान होसे खाणीतून ३३ कामगार एकोणसत्तर दिवसांनी वर काढले गेले, तेव्हा साऱ्या जगाने ते दूरचित्रवाणीवर पाहिले. तो पिंजरा ‘फेनिक्स’ सुमारे चोपन्न सेंटिमीटर रुंद, म्हणजे जवळजवळ राणीगंजच्याच मापाचा. तिथेही रिकामा पिंजरा सोडला नाही. मानुएल गोन्सालेस नावाचा एक बचावकर्मी प्रथम खाली गेला आणि सर्वांना पाठवून शेवटी वर आला. कार्य तेच, क्रमही तोच. एकवीस वर्षांपूर्वी बंगालमधल्या एका गावी हे सारे घडून गेले होते, याची आठवण तेव्हा किती भारतीयांना झाली असेल?

जसवंतसिंग गिल २६ नोव्हेंबर २०१९ रोजी अमृतसर येथे निवर्तले. ऐंशी वर्षे पूर्ण होऊन चार दिवस झाले होते.

प्रत्येक बुडालेल्या खाणीला गिल भेटतात असे नाही. १३ डिसेंबर २०१८ रोजी मेघालयातील क्सान येथे, कायद्याने बंदी असलेल्या एका कोळशाच्या बिळात नदीचे पाणी शिरले. माणूस रांगत जाईल एवढीच ती बिळे. लोक त्यांना उंदराची बिळे म्हणतात. पंधरा कामगार आत होते. नौदलाचे पाणबुडे आले, पंप आले. दोन मृतदेह तेवढे हाती लागले. तिथे नकाशाच नव्हता, मग भोक पाडायचे कोठे?

आणि या बिळांच्या विद्येचाच पुढे उपयोग झाला. २०२३ च्या १२ नोव्हेंबरला, दिवाळीच्या सकाळी, उत्तराखंडातील सिलक्यारा येथे रस्त्याच्या बोगद्याचा भाग कोसळून ४१ मजूर पलीकडे कोंडले गेले. राणीगंजच्या घटनेला दुसऱ्या दिवशी चौतीस वर्षे होत होती. ढिगाऱ्यातून पोलादी नळ्या सरकवत नेणारे मोठे यंत्र मधेच अडकून मोडले. शेवटचे दहा-बारा मीटर उरले असताना दिल्लीत जमिनीखालून नळ टाकण्यासाठी हाताने माती उकरण्याचे काम करणाऱ्या डझनभर मजुरांना बोलावण्यात आले. बिळांतल्या कोळसा कामगारांची पद्धत तीच यांची, म्हणून त्यांनाही लोक त्याच नावाने ओळखतात. ऐंशी सेंटिमीटरच्या नळीत दोघेतिघे आत शिरायचे, एकाने फोडायचे, दुसऱ्याने भरायचे, तिसऱ्याने मागे ओढायचे. हिंदू आणि मुसलमान, दोन्ही त्यांत होते. त्यांनी काम हाती घेतले तो दिवस २७ नोव्हेंबर, त्या वर्षीची गुरू नानक जयंती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ढिगारा भेदला गेला आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस जण त्या नळीतून बाहेर आले. या कामासाठी ज्यादा मजुरी घ्यायला त्या माणसांनी नकार दिला होता.